कानाची डागडुजी

आमच्या वसतिगृहात गेले वर्षभर मला 'मिस्त्री' या नावाने ओळखतात. नाव मला आवडते, पण ते ज्या सुरात घेतले जाते तो सूर मात्र मला कधी कधी खटकतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. विषय मराठी वाङ्मय. माझ्या टेबलावर व्याकरणाच्या पुस्तकाशेजारी सोल्डरिंग आयर्न, राळेची डबी, मल्टिमीटर आणि दोनचार उघडलेले हेडफोन पडलेले असतात. हे पाहून आमच्या एका प्राध्यापकांनी मला विचारले, "अहो मिस्त्री, हे काम तुमचे की विज्ञान शाखेचे?" सर हसत होते, म्हणून मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण ते साकोली तालुक्यातील माझ्या आजीच्या ओसरीवरून सुरू होते.

भंडारा जिल्हा हा भाताचा जिल्हा. आषाढात बांध्यांत पाणी साचले की रोवणी लागते आणि चिखलात वाकलेल्या बायका गाणी म्हणू लागतात. माझी आजी या गाण्यांत तरबेज होती. चुलबंद नदीच्या काठच्या आमच्या गावात तिच्या आवाजाशिवाय रोवणी लागत नसे, असे जुनी माणसे सांगतात. द्वितीय वर्षाला लोकसाहित्यावर प्रकल्प लिहायचा होता. मी पावसाळ्यात आजीजवळ बसलो आणि मोबाईलवर तिची गाणी आणि तिच्या गोष्टी मुद्रित केल्या. बाहेर पाऊस होता आणि डोक्यावर टिनाचे छप्पर. ज्यांनी टिनाखाली पावसाळा काढला आहे त्यांना त्या मुद्रणाची कल्पना वेगळी द्यायला नको. त्याच पौषात आजी गेली. तिच्या आवाजाचे दुसरे मुद्रण नाही.

आजी झाडीबोली बोलत असे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच बोली आहे, पण कॉलेजच्या फाटकाशी आपण ती चपलांसारखी काढून ठेवतो. या बोलीत 'ण' नाही, त्या जागी 'न' येतो. 'ळ' नाही, त्या जागी 'र' येतो. डोळ्याचा 'डोरा' होतो आणि काळ्याचा 'कारा'. 'श' नाही, त्या जागी 'स' आहे. ही अशुद्धता नव्हे. ही त्या बोलीची शिस्त आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही शिस्त नियमांसह मांडून दाखवली आहे. मी ते वाचले होते. परीक्षेत लिहिलेही होते. तरीसुद्धा आजीचे मुद्रण कागदावर उतरवताना माझ्या लेखणीतून 'ण', 'ळ' आणि 'श' आपोआप उतरत होते. कान नीट ऐकत नसला की मन आपल्या पदरचे घालते, आणि माझ्या मनाच्या पदरी शाळेतले मराठी होते.

त्या वेळी मी कानात जे घालत होतो ते बाजारात सर्रास मिळणारे स्वस्त इअरफोन. त्यांची जाहिरात एकाच गुणाची असते: दणका. ढोल, ताशा आणि डीजे त्यांतून छातीत वाजतात. पण माणसाच्या बोलण्याचा मर्म दणक्यात नसतो. स्वरांचा भरणा खालच्या पट्टीत असला, तरी एका वर्णाला दुसऱ्यापासून वेगळे करणाऱ्या खुणा बऱ्याचशा दर सेकंदाला 2 ते 4 हजार कंपनांच्या आसपास असतात, आणि 'स', 'श' यांचा घर्षणध्वनी त्याहूनही वर जातो. खालची पट्टी फुगवली की ती वरच्या नाजूक खुणांना झाकून टाकते. त्यात टिनावरचा पाऊस. आजीच्या वाक्यांचे शेवट तर मला ऐकूच येत नसत. वय झालेल्या माणसाचे वाक्य शेवटाला विरत जाते.

अशाच एका वाक्यावर मी अडलो होतो. बापाच्या आजारपणाची आणि धाकट्या भावाला सांभाळण्याची हकिकत सांगताना आजी म्हणाली होती, "त्याच साली माझी..." आणि पुढे 'सारा सुट' एवढे ऐकू आल्यावर पावसाची सर. मी अंदाज केला: 'सारा सुटला'. मधला 'माझी' मला 'माझा' वाटला. सारा, म्हणजे सगळा; सगळा संसार, सगळे सुख सुटले. मी प्रकल्पात त्या वाक्याखाली एक भरघोस परिच्छेद लिहिला. ग्रामीण स्त्रीच्या सर्वस्वत्यागाविषयी त्यात बरेच काही होते. परिच्छेदाचे कौतुक झाले. गुणही चांगले पडले.

हेडफोनचा नाद लागला तो यानंतर, आणि तो कोणत्याही उदात्त हेतूने नव्हे. मामाच्या घरी माळ्यावर मोठ्या कपांचा एक जुना हेडफोन सापडला. त्याची एक बाजू मुकी होती. टाकून देण्यापेक्षा उघडून पाहू, म्हणून उघडला. आत जे दिसले त्याने मी थक्क झालो, कारण आत जवळजवळ काहीच नव्हते.

हेडफोनच्या आतल्या ज्या चकतीतून आवाज निघतो तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. (आपल्याकडे ड्रायव्हर म्हटले की भंडारा-तुमसर एस.टी.ची आठवण होते. माझ्या मित्रांनी या शब्दावर पुरेसे विनोद केले आहेत.) त्यात मागे एक चुंबक असते. चुंबकाच्या अरुंद खाचेत केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे तरंगत असते आणि ते वेटोळे प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ पडद्याला चिकटवलेले असते. तारेतून बदलता प्रवाह गेला की वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे ढकलले जाते, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि पडदा हवेला हलवतो. बस्स, एवढेच. लता मंगेशकरांचा स्वर असो की माझ्या आजीचा, कानापर्यंत तो पोचतो तो या पडद्याच्या थरथरीतून. सोपी गोष्ट आहे, पण ही थरथर नीट होण्यासाठी भोवतालचे सर्व काही नीट असावे लागते. ते 'सर्व काही' म्हणजेच हा छंद.

मी 40 मिलिमीटर व्यासाच्या, 32 ओहम रोधाच्या ड्रायव्हरची जोडी टपालाने मागवली. जुन्या कपातली जागा मोठी, नवा ड्रायव्हर लहान. मध्ये बसवायला कडे हवे. लोखंडाचे कडे चालणार नव्हते, कारण चुंबक त्याला ओढणार. पितळेला चुंबक ओढत नाही, आणि पितळेसाठी भंडाऱ्याच्या माणसाने दूर कुठे जावे? हे शहरच पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेले. स्टील आणि प्लॅस्टिक आल्यापासून त्या कारागिरांच्या घरची ठोक्यांची लय मंदावली, पण हात अजून आहेत. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध कारागिरांकडे मी गेलो. त्यांनी एका फुटक्या तांब्याच्या काठातून दोन कडी कापून, घासून दिली. पैसे घेतले नाहीत. "हे कशाला लागते रे बाबू?" असे विचारले. मी म्हटले, आजीचे ऐकायला. ते काही बोलले नाहीत; पण दुसऱ्या कड्याची धार त्यांनी पुन्हा एकदा कानशीने घासली.

चुका किती केल्या ते सांगणे आवश्यक आहे, कारण छंदाची खरी शाळा तीच. पहिल्या दिवशी मी लोखंडी चिमटा ड्रायव्हरच्या जवळ नेला. चुंबकाने तो हातातून हिसकला आणि त्याचे टोक पडद्यातून आरपार गेले. एक ड्रायव्हर तिथेच संपला. दुसऱ्या वेळी तारा जोडल्या, पण आवाज येईना. त्या तारांवर रंगीत लाखेचा लेप असतो आणि तो उष्णतेने जाळल्याखेरीज कथील धरत नाही, हे ठाऊक नव्हते. तिसऱ्या वेळी आवाज आला, पण विचित्र. आजीचा आवाज डोक्याच्या मध्यभागी न राहता दोन्ही बाजूंना विरून गेल्यासारखा वाटे. दोन दिवसांनी कळले की एका बाजूच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक पडदा पुढे जाई तेव्हा दुसरा मागे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून पडदा कोणत्या दिशेला सरकतो हे पाहिले आणि चूक सुधारली. (हे करताना हेडफोन कानाला लावू नये.)

मग महत्त्वाकांक्षा वाढली. पितळेचे कडे इतके देखणे दिसत होते की मी दोन पितळी वाट्यांचे कपच करून पाहिले. परिणाम असा झाला की आजीच्या प्रत्येक 'ट'बरोबर देवळातली घंटा वाजू लागली. वाटीचा धर्म घुमण्याचा. कपाचा धर्म गप्प राहण्याचा. पुन्हा जुन्या कपांकडे वळलो. आत जाड लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवले, त्यावर थोडा कापूस सैल भरला. ड्रायव्हरच्या मागच्या बारीक भोकांवर कागदी पट्टी लावून पाहिली, दणका ओसरला. अर्धी काढली; बोलण्यात थोडी ऊब परत आली. कानाभोवतीची गादी फाटकी होती, ती नवी शिवली, कारण गादीतून हवा निसटली की खालचा आवाजही निसटतो. माझ्याकडे मोजमापाचे यंत्र नव्हते. माझे माप एकच: ओळखीच्या माणसाचा आवाज. वसतिगृहातल्या मित्राला 'शेत', 'सेत', 'माळ', 'मार', 'पाणी', 'पानी' असे शब्द बोलायला लावून मी ते मुद्रित करी आणि मग न पाहता ओळखून दाखवी. चूक झाली की पुन्हा कप उघडायचा. या खेळात तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात मी आजीचे मुद्रण पुन्हा लावले. कागदावर जिथे 'अस्पष्ट' असे लिहून सोडले होते, अशा सात जागा होत्या. त्यांपैकी चार उलगडल्या; तीन आजही अस्पष्टच आहेत, आणि तशाच राहतील. 'ण' सगळे गळून 'न' झाले, 'ळ' जाऊन 'र' आला. आणि ते वाक्य आले. पावसाच्या सरीखाली, अगदी शेवटी, एक 'ई' होती. बारीक, पण होती. आजी 'सुटला' म्हणालीच नव्हती. ती म्हणाली होती, "त्याच साली माझी सारा सुटली."

'सगळा' या अर्थाचा सारा पुल्लिंगी. मग सुटली कोण? मी दोन वेळा, चार वेळा ऐकले आणि मग एकदम उजेड पडला. 'श'चा 'स', 'ळ'चा 'र'. सारा म्हणजे शाळा.

खात्री करावी म्हणून गावी गेलो आणि आजीच्या धाकट्या बहिणीला विचारले. ती सहज म्हणाली, "हव, दुसरीत होती तवाच तिची सारा सुटली. मंग कायची पाटी नि कायचं पुस्तक!"

सर्वस्वत्यागावरचा माझा तो परिच्छेद मला आठवला आणि लाज वाटली. आजीने मला सर्वस्वाविषयी काही सांगितले नव्हते. तिने एका शाळेविषयी, एका साध्या, नेमक्या तक्रारीविषयी सांगितले होते, आणि ती तक्रार तिने कॉलेजात शिकणाऱ्या नातवाजवळ केली होती. नातवाने ती ऐकली नाही. वर तिच्यावर अलंकार चढवले. विभागात ठेवलेल्या प्रकल्पाच्या प्रतीला मी आता दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आहे. गुण परत घेतले गेले नाहीत, पण घेतले असते तरी माझी हरकत नव्हती.

आता कोणी म्हणेल, हे श्रेय हेडफोनचे कशावरून? पुन्हा पुन्हा ऐकले असते तर साध्या इअरफोनमधूनही कळले असते. कदाचित कळले असते. मी हेडफोनला सगळे श्रेय देत नाही. अर्धे श्रेय त्या तीन आठवड्यांचे आहे, ज्यांत मी 'स' आणि 'श' यांच्यासाठी कापसाचा एकेक पुंजका काढघाल करीत होतो. यंत्र सुधारता सुधारता माझा कान सुधारला. विकत आणलेल्या यंत्राने मला आवाज दिला असता. हाताने जुळवलेल्या यंत्राने मला ऐकायला शिकवले. माझे म्हणणे एवढेच आहे.

दुसरा आक्षेप असा की, चांगला हेडफोन सरळ विकत का घेऊ नये? ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण ध्वनिमुद्रणाच्या कामाचे चांगले हेडफोन कित्येक हजारांना पडतात, आणि ते बिघडले की दुकानदार 'नवीन घ्या' एवढेच सांगतो. माझा खर्च, फुकट गेलेल्या ड्रायव्हरसकट, हजार रुपयांच्या आत राहिला. शिवाय तो कुठून बिघडू शकतो हे मला ठाऊक आहे. वस्तू दुरुस्त करण्याचा ग्राहकाचा हक्क असावा म्हणून केंद्र सरकारने 2022 मध्ये त्यासाठी एक व्यवस्थाही सुरू केली. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही. स्क्रू उघडण्याचे धाडस हातात यावे लागते.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हेडफोन माणसाला माणसापासून तोडतो. कानात बोळे घालून फिरणारी आपली पिढी शेजाऱ्याची हाक ऐकत नाही, असे वडीलधारी म्हणतात आणि ते खोटे नाही. कानाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज वाढेल तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो, आणि जगातील 100 कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती अशा ऐकण्याने धोक्यात आहे. माझा अनुभव असा की, स्पष्ट हेडफोन हळू आवाजात ऐकता येतो आणि गढूळ हेडफोनचा आवाज वाढवावा लागतो. राहिला प्रश्न तुटण्याचा. माणूस हेडफोनने तुटतो की जोडला जातो, हे तो कोणाचा आवाज ऐकतो यावर ठरते. मी या यंत्रामुळे माझ्या आजीशी जोडला गेलो, आणि तेही ती गेल्यानंतर.

आणि शेवटी सरांचा प्रश्न: हे काम कोणाचे? इतिहास पाहिला तर हेडफोनचा जन्मच प्रयोगशाळेच्या बाहेरचा. अमेरिकेतील युटा प्रांतातल्या नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने 1910 च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर हेडफोन तयार करून अमेरिकन नौदलाला पाठवले, आणि नौदलाने ते उचलून धरले. आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ मुद्रितही झाल्या. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रण करून सर्वेक्षण केले. ही कामे भाषेच्या माणसांनीच केली. त्यांच्या हातात वही होती आणि मुद्रणयंत्रही होते. ग्रिअर्सनने 1905 मध्ये मराठीच्या बोलींचा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बोली कागदावरच उतरवाव्या लागत. आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. मुद्रण करणारे हजारो आहेत. बसून ऐकणारे किती?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या कॉलेजातही आनंद झाला, भाषणे झाली. त्या अभिजात भाषेचे मूळ ज्यांच्या तोंडात आहे ती माणसे मात्र लाखांदूर-साकोलीच्या ओसऱ्यांवर एकेक करून कमी होत आहेत. त्यांची दंडार, त्यांची रोवणीची गाणी, त्यांच्या तक्रारी आपण मुद्रित करू आणि चुकीच्या ऐकू, तर तो गौरव पोकळ ठरेल.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक टेबल मिळावे. त्यावर एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि मोडके हेडफोन टाकायला एक पेटी. भौतिकशास्त्राच्या मित्रांनी आम्हाला ओहमचा नियम शिकवावा. आम्ही त्यांना 'ळ' कुठून उच्चारतात ते दाखवू. आठवड्यातून एक दुपार प्रत्येकाने आपापल्या गावच्या एका वृद्ध माणसाचे मुद्रण आणावे आणि सगळ्यांनी मिळून ते उतरवावे. जिथे ऐकू येणार नाही तिथे 'अस्पष्ट' लिहावे. सुंदर वाक्य लिहू नये.

भांडे फुटले की त्याला डाग देतात, आणि 'डागडुजी' हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. माझ्या हेडफोनच्या पितळी कड्यावर कथलाचे दोन ओबडधोबड डाग आहेत. दिसायला ते वाईट दिसतात. पण त्यांच्यामुळे मला एक 'ई' ऐकू आली, आणि त्या एका 'ई'मुळे दुसरीत सुटलेली एक शाळा. तेव्हा सर, हे काम आमचेच आहे. आणि मित्रहो, 'मिस्त्री' म्हणायला हरकत नाही; फक्त सूर थोडा बदला.

(तृतीय वर्ष, कला)